उलटं, सुलटं आणि परत उलटं

कॉम्प्युटरविषयी तक्रार करायची म्हटली की आपल्याकडे लोक एकदम वरच्या पट्टीत सुरुवात करतात. कोणी म्हणतो, याने माणसाची बुद्धी गंजली. कोणी म्हणतो, नोकऱ्या खाल्ल्या. कोणी म्हणतो, पोरं बिघडली. मी बँकेतला साधा कारकून, बी.कॉम. झालेला. माझी झेप एवढी नाही. माझी तक्रार फक्त शेवटच्या अर्ध्या इंचाविषयी आहे. वायरीचं टोक आणि यंत्राचं भोक यांच्या मध्ये जो अर्धा इंच उरतो, त्याविषयी. चंद्रावर यान उतरवणाऱ्या मानवजातीला हा अर्धा इंच अजून धड ओलांडता आलेला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझे आरोप तीन आहेत. एक, हे टोक भोकात बसत नाही. दोन, बसलं तर बोलत नाही. तीन, तुटलं तर एकटं तुटत नाही. आता तुम्ही म्हणाल, एवढ्याशा पिनेसाठी एवढा मोठा लेख कशाला? वाचकहो, दाढही एवढीशीच असते. ठणकायला लागली की मग माणसाला दाढेखेरीज दुसरं जग उरत नाही.

आमच्या वर्ध्याभोवती बोरगाव मेघे, सावंगी मेघे, सिंदी मेघे, पिपरी मेघे अशी गावं आहेत. पुढचं टोक वेगळं, मागचं टोक एकच. नुसतं 'मेघे' ऐकलं की ऑटोवाला वर्ध्याच्या आसपास कुठंतरी नेऊन सोडतोच, मग पुढचं विचारून घ्यायचं. ही सोय ज्यांनी केली त्यांच्याकडे इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. जगातल्या बड्याबड्या कंपन्यांकडे मात्र पदवीधरांच्या फौजा आहेत, आणि त्या फौजांनी गेल्या चाळीस वर्षांत जे कर्तृत्व गाजवलं ते सगळं आमच्या घरातल्या एका ड्रॉवरमध्ये बघायला मिळतं.

तसा ड्रॉवर तुमच्याही घरात आहे. नाही म्हणू नका. ड्रॉवर नसेल तर बिस्किटांचा डबा असेल, नाहीतर लग्नातल्या साडीचं खोकं असेल. आमच्या ड्रॉवरच्या तळाशी प्रिंटरची एक केबल आहे, छत्तीस पिनांची. दोन बाजूंच्या तारेच्या कड्यांनी ती प्रिंटरला अशी मिठी मारायची की सोडवताना प्रिंटरच टेबलावरून खाली यायचा. तिच्यावर व्हीजीए. ही १९८७ साली आयबीएमने आणली. तीन रांगांत पंधरा पिना, आणि दोन्ही कडांना दोन स्क्रू. हे स्क्रू हाताने फिरत नाहीत आणि स्क्रूड्रायव्हर तिथं पोचत नाही. मग दोन गोल टोकं. एक जांभळं, ते कीबोर्डचं. एक हिरवं, ते माउसचं. आकार तंतोतंत एकच, पिना दोघांनाही सहाच, पण अदलाबदल झाली की जुन्या यंत्रावर दोघेही मौन धरतात. टेबलाखालच्या अंधारात गुडघे टेकून बसलेल्या माणसाला जांभळं आणि हिरवं सारखंच काळं दिसतं, हे तो रंग ठरवणाऱ्या साहेबाला कोणी सांगितलं नसावं. साहेब स्वतः टेबलाखाली कधी गेला नसणार. साहेब लोक जात नाहीत.

त्यावर मिनी, त्यावर मायक्रो, त्यावर एका अमेरिकी फोनची तीस पिनांची चपटी पट्टी, आणि त्यावर त्याच फोनची २०१२ पासूनची नवी, आठ संपर्कांची. दर दिवाळीला आमची सौ. हा ड्रॉवर बाहेर काढते आणि विचारते, "हे कधी लागणार आहे?" दर दिवाळीला मी सांगतो, "लागेल." संसार अशा प्रश्नोत्तरांवरच चालतो. पण खरा प्रश्न तिने मला विचारायचाच नाही. ज्यांनी एकाच कामासाठी, म्हणजे एका डब्यातली माहिती दुसऱ्या डब्यात न्यायला, दहा तऱ्हांची टोकं घडवली, त्यांना विचारायचा.

न्यायाने बोलायचं तर या बजबजपुरीवर उपाय निघाला होता. १९९६ साली यूएसबी आलं. ते ज्या चमूने घडवलं त्याचे एक प्रमुख इंटेल कंपनीतले अजय भट्ट. हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून इंजिनिअर झालेले. आणि ज्या सयाजीरावांच्या नावाचं हे विद्यापीठ, ते मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. तेव्हा या शोधात थोडा हक्क आपलाही सांगता येईल, आणि हक्क सांगितला की रागवायचाही अधिकार मिळतो. भट्टांच्या मंडळींनी काम मोठंच केलं, यात वाद नाही. प्रिंटरचं वेगळं, माउसचं वेगळं, कीबोर्डचं वेगळं, ही सगळी सोवळी-ओवळी त्यांनी एका पंक्तीत आणून बसवली. फक्त एक गोष्ट राहिली.

ते टोक बाहेरून दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं आणि आतून नसतं. आपण घालतो, बसत नाही. उलटं करतो, बसत नाही. परत उलटं करतो, म्हणजे पहिल्यासारखंच, आणि आता बसतं! गणिताच्या कुठल्याही नियमात हे बसत नाही, पण जगातल्या कोट्यवधी लोकांचा हा रोजचा अनुभव आहे. २०१९ साली अमेरिकेतल्या एनपीआर रेडिओशी बोलताना खुद्द भट्टांनी कबूल केलं की उलटसुलट न चालणं हाच यातला सगळ्यांत मोठा वैताग. पण दोन्ही बाजूंनी चालणारं करायचं तर वायरी आणि सर्किट दुप्पट लागलं असतं, खर्च वाढला असता, आणि त्या काळी आधी स्वस्त होऊन सर्वत्र पोचणं महत्त्वाचं होतं.

आता इथे माझ्यातला बी.कॉम. जागा होतो. आमच्या शास्त्राचा पहिला नियम असा की कुठलीही बचत हवेतून येत नाही. एका खात्यात जमा झाली तर दुसऱ्या खात्यात नावे पडलीच पाहिजे. कारखान्याच्या खात्यात काही पैसे जमा झाले, ठीक. नावे कुणाच्या पडले? माझ्या, तुमच्या, आणि टेबलाखाली गुडघे टेकून बसलेल्या प्रत्येकाच्या. फरक एवढाच की कारखान्याची जमा रुपयांत मोजली गेली आणि आपली नावे सेकंदांत, म्हणून ती कुठल्याच ताळेबंदात दिसली नाही. तरी भट्टांना मी सोडतो. त्यांना सर्वत्र पोचायचं होतं, ते पोचले, आणि चूक होती ती चारचौघांत मान्य केली. माझं भांडण त्यांच्यानंतरच्यांशी आहे.

पण भांडणाआधी एक दाखला देतो, म्हणजे हा माणूस नुसताच कुरकुरतो असं व्हायला नको. तुमच्या घरातला बल्बचा होल्डर बघा. दोन खाचा, दाबायचा आणि फिरवायचा. व्यास २२ मिलिमीटर. माझ्या आजोबांनी त्यात तारेचा पिवळा बल्ब लावला. वडिलांनी त्यातच पांढरा सीएफएल लावला. मी त्यातच एलईडी लावतो. आत तीन पिढ्यांत तीन शास्त्रं बदलली. तार गेली, वायू आला, वायू गेला, अर्धवाहक आला. होल्डर तोच. एलईडी शोधणाऱ्याने असं म्हटलं नाही की माझं शास्त्र नवं, म्हणून तुमच्या छताला नवं भोक पाडा. शोध लावणारा माणूस नम्र असला की असं होतं.

किंवा आपला तीन पिनांचा प्लग घ्या. गोल पिनांची ही घडण इंग्रजांची. १९४७ साली त्यांनी स्वतःच्या घरासाठी चौकोनी पिनांचं नवं मानक काढलं आणि गोल पिना आपल्याकडे ठेवून ते निघून गेले. पण त्या गोल पिनांत एक शहाणपण आहे. वरची, अर्थिंगची पिन जाड असते आणि लांबही असते. जाड अशासाठी की प्लग उलटा बसूच नये. लांब अशासाठी की घालताना ती सर्वांत आधी लागावी आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावी. म्हणजे वीज घरात येण्याआधी राखणदार दारात उभा. कोणी पाटी लावलेली नाही, कोणी माहितीपुस्तक दिलेलं नाही. अंगठाछाप माणसालाही ती पिन सुखरूप ठेवते.

हे शहाणपण कॉम्प्युटरवाल्यांना ठाऊक नाही असंही नाही. यूएसबीच्या जुन्या चपट्या टोकात डोकावून बघा. चार पट्ट्या दिसतील. कडेच्या दोन विजेच्या, त्या लांब. मधल्या दोन माहितीच्या, त्या आखूड. म्हणजे आधी वीज पोचते, मग माहिती. पाहुण्याला आधी पाणी द्यावं आणि मग काय काम काढलंत ते विचारावं, ही आपली रीत त्या चार पट्ट्यांत आहे. हार्ड डिस्कच्या सॅटा जोडणीतही पट्ट्यांची लांबी अशीच कमीजास्त ठेवली आहे. तेव्हा डोकं आहे. ते कुणासाठी वापरायचं, इथे घोडं अडतं.

जोडणी चुकली की काय होतं, याचा धडा आमच्या जिल्ह्यात रुळांवर लिहिलेला होता. पुलगावहून आर्वीला १९१७ साली नॅरोगेज गाडी सुरू झाली. तिच्या रुळांतलं अंतर ७६२ मिलिमीटर. पुलगावच्या मोठ्या लाईनचं १६७६. दोन्ही गाड्या रुळांवरच धावायच्या, दोन्हींना इंजिन, दोन्हींना डबे. पण आर्वीकडच्या कापसाला मुंबईकडे जायचं तर पुलगावला हमालाच्या पाठीवर बसूनच गाडी बदलावी लागे. कापूस तोच, गाठ तीच, नुसतं अंतर वेगळं, म्हणून मधे एक पाठ. रेल्वेने देशभर एकच गेज करायचं १९९२ साली मनावर घेतलं. आर्वीची गाडी त्यात बसली नाही, ती बंद झाली. आज तुम्ही फोनमधले फोटो पेनड्राइव्हमध्ये घ्यायला तिसऱ्याच एका डबीची खरेदी करता ना, ती डबी म्हणजे पुलगावचा हमाल.

अमेरिकेत तर याहून महागात पडलं. १९०४ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर शहराला आग लागली. वॉशिंग्टनहून बंब आगगाडीत घालून आणले, आणखी शहरांतूनही आले. मदतीला माणसं होती, बंब होते, नळाला पाणी होतं. पण बाहेरून आलेल्या कित्येक बंबांच्या पाइपांचे आटे बाल्टिमोरच्या नळांना बसेनात. सुमारे पंधराशे इमारती जळाल्या. पाणी आणि आग यांच्या मधे तोच तो अर्धा इंच उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, आग कुठे, तुमचा ड्रॉवर कुठे! सांगतो.

आमच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी राहतात. त्यांच्या आई आणि तिच्या वयाच्या चारपाच म्हाताऱ्या जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या, त्या गुरुजींनी वीस वर्षांपूर्वी गावोगावी फिरून ध्वनिमुद्रित केल्या. आधी कॅसेटवर, मग सीडीवर, मग एका खिशात मावणाऱ्या हार्ड डिस्कवर. गुरुजी सावध माणूस. कॅसेटला बुरशी आली तेव्हा सीडी होती, सीडीला ओरखडे पडले तेव्हा डिस्क होती. त्या म्हाताऱ्यांपैकी आज एकही हयात नाही. एके दिवशी डिस्क लावलेली असताना नातवाचा पाय केबलला लागला. डिस्क पडली नाही, आपटली नाही. फक्त तिच्या तोंडाशी असलेलं ते रुंद दुहेरी भोक एका बाजूने उचकटलं.

गुरुजी डिस्क घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले, सोबत मी. पोऱ्याने झाकण उघडलं, भिंगातून पाहिलं आणि म्हणाला, "डिस्क चांगली हाये जी गुरुजी. दरवाजाच तुटला."

"मंग दरवाजा बदल ना बापा," गुरुजी म्हणाले.

"थेच तर पंचाईत हाये. पहिले आत साधी डिस्क राहे अन् बाहेर वेगळी डबी. डबी मेली तं डिस्क काढाची, दुसऱ्या डबीत टाकाची, दोन मिनिटांचं काम. आता कंपनीनं दरवाजा डिस्कच्या बोर्डावरच चिपकवला. भितीसकट दरवाजा."

हा पोऱ्या बारावीनंतर शिकलेला नाही. पण माझा तिसरा आरोप त्याने जितका नेमका मांडला तितका मला हा लेख लिहूनही मांडता आलेला नाही.

यातलं यांत्रिक मर्म सांगतो. कुठलीही जोडणी झिजते. तिचं आयुष्य घालण्या-काढण्याच्या फेऱ्यांत मोजतात. जुनं चपटं यूएसबी १,५०० फेऱ्यांसाठी घडवलेलं, म्हणजे दिवसाला एक म्हटली तर चार वर्षं. मायक्रो यूएसबी आणि टाइप-सी १०,००० फेऱ्यांसाठी, म्हणजे सत्तावीस वर्षं. डब्याच्या आतली सॅटाची केबल मात्र अवघ्या ५० फेऱ्यांसाठी, कारण ती एकदा लावून विसरायची असते. मायक्रो यूएसबी करताना कुणीतरी फार मोलाचा विचार केला. जोडणी घट्ट धरणाऱ्या आणि म्हणूनच आधी झिजणाऱ्या स्प्रिंगा त्यांनी फोनमधून काढून केबलच्या टोकात घातल्या. का? तर झिजायचंच असेल तर शंभर रुपयांच्या वस्तूने झिजावं, दहा हजारांच्या वस्तूने झिजू नये. याला मी इंजिनिअरिंगमधलं वहाणेचं तत्त्व म्हणतो. वहाण झिजते म्हणून पाय शाबूत राहतो.

पण हे तत्त्व त्यांनी अर्धंच पाळलं. झीज केबलवर ढकलली आणि धक्का बोर्डावर ठेवला. पाय अडकला, केबल ओढली गेली की जोर जातो तो बोर्डाला सोल्डरच्या चार थेंबांनी चिकटलेल्या त्या भोकावर, आणि त्या बोर्डाच्या मागेच गुरुजींची आई ओव्या म्हणत असते. वहाण पायाला शिवून टाकली तर ती वहाण राहते का?

मोठ्या शहरातल्या एका ठिकाणी माहिती परत काढून देण्याचा जो भाव सांगितला तो नव्या डिस्कच्या कितीतरी पट होता. शेवटी आमच्या पोऱ्यानेच विचारलं, "असंच एखादं मेलेलं हाये का कोणाकडं?" आणि मी ड्रॉवर उघडला. तळाच्या छत्तीस पिनांखाली एक मेलेली डबी होती, तिचं तोंड शाबूत होतं. पोऱ्याने ते उतरवलं, भिंगाखाली गुरुजींच्या डिस्कवर चढवलं, आणि दोन दिवसांनी दुकानात जातं फिरायला लागलं. गुरुजी काही बोलले नाहीत. चष्मा पुसत बसले.

सौ. त्या दिवसापासून ड्रॉवरबद्दल बोलत नाही. पण मी विजयोत्सव केला नाही, कारण हा विजयच नव्हे. एका भल्या पोऱ्याची बोटं आणि माझ्या घरचा पसारा यांच्या योगायोगावर म्हाताऱ्यांचे आवाज टिकले. हा योगायोग सर्वांच्या गल्लीत नसतो.

असो. आता दुसरा आरोप, बोलत नाही हा. २०१४ साली टाइप-सी आलं. चोवीस संपर्क, दोन्ही बाजूंनी चालणारं, उलटं-सुलटं संपलं. युरोपच्या लोकांनी २०२२ साली कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना ते सक्तीचं केलं. त्या तीस पिनांच्या अमेरिकी कंपनीनेही २०२३ मध्ये मुकाट्याने तेच भोक घेतलं. आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही टाइप-सीचं मानक काढलं. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. मग लक्षात आलं की भोक एक झालं, पण आतली माणसं निराळीच आहेत.

एकासारख्या एक दिसणाऱ्या दोन टाइप-सी केबली घ्या. एक सेकंदाला ४८० मेगाबिट नेते, दुसरी ४० गिगाबिट, म्हणजे ऐंशी पटींहून अधिक. एक लॅपटॉप चार्ज करते, दुसरी फोनलाच कसंबसं पाणी पाजते. एक टीव्हीवर चित्र दाखवते, दुसरी दाखवत नाही. पुष्कळदा दोघींच्या अंगावर अक्षर नाही. पूर्वी न बसणारी केबल निदान प्रामाणिक होती, तोंडावर सांगायची की माझं तुझं जमणार नाही. ही बसते, गोड हसते आणि काम करत नाही. स्थळ पाहताना फोटो एकच दाखवावा आणि मुलगा निराळा निघावा, त्यातली गत. नावांची तऱ्हा याहून न्यारी. २००८ साली ५ गिगाबिटचं यूएसबी ३.० आलं. पुढे त्याचंच नाव ३.१ जेन १ झालं. त्यापुढे ३.२ जेन १. वेग तोच, वस्तू तीच, बारशी तीन. आमच्या बँकेत कोणी एकाच रकमेची तीन नावांनी नोंद केली तर त्याला आम्ही चौकशीला बसवतो.

पुण्याला माझा भाचा इंजिनिअर आहे. त्याने माझं हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मामा, तुम्हाला पातळ लॅपटॉप हवा की नको? पाणी न शिरणारा फोन हवा की नको? जोडणी आली की जागा लागते, आणि फार वेगाच्या सिग्नलला प्रत्येक जोडणीत थोडा तोटा होतो. म्हणून आम्ही सोल्डर करतो."

भाचा हुशार आहे आणि त्याचं म्हणणं खोटं नाही. पण पुरतंही खरं नाही. लॅपटॉपमधली साठवणीची जी एम.२ नावाची पट्टी असते ती च्युइंगगमच्या कांडीएवढी, रुंदी २२ मिलिमीटर. एका टोकाला खाच, दुसऱ्या टोकाला एक स्क्रू. भरपूर पातळ, हवा तितका वेग, आणि काढून दुसऱ्या यंत्रात घालता येते. योगायोग पाहा, २२ मिलिमीटर म्हणजे आमच्या बल्बच्या होल्डरचंच माप. तरीही कित्येक लॅपटॉपांत साठवण सरळ बोर्डावर सोल्डर केलेली असते. बोर्ड मेला की माहिती सती जाते. भाच्याला मी विचारलं, "ज्या दिवशी तुझ्या पोराचे पहिल्या वाढदिवसाचे फोटो अशा बोर्डात अडकतील, त्या दिवशी तू जाडी मोजशील का?" तो म्हणाला, "मामा, बॅकअप ठेवायचा असतो." ठेवायचाच असतो! पण घरात बादली भरून ठेवा असं सांगणारा बिल्डर जिन्याला दार नसलेलं घर बांधायला मोकळा होतो का?

आणि स्क्रू! २००९ पासून एका बड्या कंपनीने पाच पाकळ्यांचा स्क्रू काढला. तो ज्या स्क्रूड्रायव्हरने निघतो तो तेव्हा कुणाच्या घरात नव्हता, आणि नसावा हाच हेतू. आपण पैसे मोजून घेतलेल्या वस्तूला दुसऱ्याने कुलूप लावायचं आणि किल्ली खिशात घालून निघून जायचं, याला बँकेच्या भाषेत तारण म्हणतात. पण तारणावर निदान कर्ज तरी मिळतं.

हे सगळं बोरगाव मेघेत बसून लिहायला मला संकोच वाटत नाही, कारण यंत्र कसं असावं याचा एक फार चांगला मसुदा ज्यांनी मांडला त्यांचा आश्रम इथून हाकेच्या अंतरावर, सेवाग्रामला आहे. १९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. लाख रुपये, १९२९ साली! अटी अशा: यंत्र हलकं असावं, खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालावं, बाईला फार कष्ट न होता आठ तास चालवता यावं, किंमत दीडशे रुपयांवर जाऊ नये, आणि वेळोवेळी डागडुजी करून ते निदान वीस वर्षं चालावं. त्या अटींना पूर्ण उतरेल असं यंत्र काही मिळालं नाही आणि बक्षीस तसंच राहिलं. पण अटींचा क्रम बघा. आधी झोपडी, मग बाई, मग तिचा खिसा, मग तिची वीस वर्षं. कारखान्याची सोय त्या यादीत सापडत नाही. आणि पुढे येरवड्याच्या तुरुंगात जो पेटी चरखा आकाराला आला तो मिटला की पुस्तकाएवढा होतो. पातळपणाचं कौतुक आम्हाला सांगू नका. पातळ असून उघडता येतं, हे इथे लोकांनी मांडीवर घेऊन पाहिलेलं आहे.

२०२२ साली आपल्या सरकारने दुरुस्तीच्या हक्काचं एक पोर्टल सुरू केलं. चांगलं केलं. पण हक्क पोर्टलवर असून भागत नाही, तो स्क्रूवर पाहिजे. म्हणून युनियनच्या जुन्या शिरस्त्याप्रमाणे माझ्या मागण्या इथे मांडतो.

एक. भोक एक केलंत, आता केबलच्या अंगावर ती काय काय करते ते छापा, न पुसणाऱ्या शाईने, आणि एकाच नावाने. दोन. जे झिजणार, जे तुटणार, ते स्वस्त आणि सुटं ठेवा. वहाण पायाला शिवू नका. तीन. माणसाची माहिती जिथे राहते ती पट्टी बोर्डावरून काढता आलीच पाहिजे, मग लॅपटॉप दोन मिलिमीटर जाड झाला तरी चालेल. आम्हीही चाळिशीनंतर झालोच आहोत. चार. स्क्रू असा हवा की तो कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पोऱ्याला काढता येईल. पाच. शास्त्र हवं तितकं बदला, होल्डर बदलताना दहादा विचार करा.

यावर कोणी म्हणेल, कारकुनाला यातलं काय कळतं? बरोबर आहे. भोक कसं पाडतात ते मला कळत नाही. पण ते पाडणारा माणूस ते एकदाच पाडतो आणि दुसऱ्या कामाला लागतो. त्यात टोक घालायचं काम आयुष्यभर आमच्याकडे असतं, आणि टेबलाखाली बसून बसून आमच्या गुडघ्यांना जे कळलं आहे ते अजून त्यांच्या डोक्यात शिरलेलं नाही. उलटं, सुलटं, परत उलटं, असं कसंही करून ते तिथे शिरवलं पाहिजे.